आजीत टाकलेली गाडी

दर हिवाळ्यात कोणी ना कोणी परका माणूस शेरीफच्या कचेरीत फोन करून सांगतो, की हमरस्त्याच्या दक्षिणेला कुरणात एक कुत्रा पिकअप चालवतोय. कचेरीतली बाई काही लिहून घेत नाही. ती विचारते, गाडी लाल-पांढरी आहे का? आहे. माणसाच्या चालीपेक्षा हळू चाललीये? हो. मागे गाई आहेत? आहेत, पुष्कळ आहेत.

"मग काही नाही," ती म्हणते. "अर्डिस कुसेक चारा टाकतेय. तुम्ही आपले सावकाश जा, पुढे रस्ता निसरडा आहे."

नेब्रास्काच्या या वाळूच्या टेकड्यांत राहणाऱ्यांना यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. खाली वाळू, वर गवत, गवतावर गाई, आणि एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत पाच मैल नुसता वारा. गवत बर्फाखाली गेलं की उन्हाळ्यात बांधून ठेवलेले गठ्ठे रोज सकाळी जनावरांपुढे टाकावे लागतात. कामाला माणसं लागतात दोन. एक चालवणारं, एक मागून टाकणारं. दुसरं माणूस नसलं तर गाडी आजीत टाकायची. जुन्या पिकअपला चार गिअर असत आणि त्यातला पहिला इतका संथ, इतका दमदार, की त्याला इथे सगळे आजीच म्हणत आले. आजीत टाकलेली गाडी कोणी पेडल न दाबता, कोणी लक्ष न देता, चढ येवो की उतार, आपली चालत राहते. चालवणाऱ्याने उतरावं, मागे चढावं आणि चालत्या गाडीतून चारा टाकत जावं. स्टिअरिंग सुतळीने जरासं एका अंगाला बांधून ठेवलं, की गाडी कुरणात अर्ध्या मैलाचं कडं काढते आणि निघाली तिथे परत येते. टेकडीवरून पाहिलं तर पांढऱ्यावर हिरवट गवताचं एक मोठं कडं, आणि त्याला आतून बाहेरून लागलेल्या काळ्या गाई.

अर्डिस पाच वर्षांची असताना सीटवर उभी राहून स्टिअरिंग धरायची. बाप मागे. पेडलपर्यंत पाय पोचायला अजून काही वर्षं होती, पण आजीला पाय लागतच नव्हते. लग्न झाल्यावर ती पुढे आणि नवरा लंबर्ट मागे. मग मुलगी झाली, डार्ला. तिचा हात स्टिअरिंगपर्यंत पोचला त्या हिवाळ्यापासून ती पुढे आणि हे दोघे मागे. डार्ला शिकायला लिंकन शहरात गेली ती तिथलीच झाली. लंबर्ट नऊ वर्षांमागे गेला, एप्रिलच्या अखेरीस, शेवटची गाय व्यायल्यावर. जातानाही त्याने कामाचा अंदाज घेतला, असं अर्डिस म्हणते, आणि म्हणताना तिच्या आवाजात तक्रार नसते.

त्यानंतर पुढची सीट डीकनने घेतली. डीकन म्हणजे निळसर करड्या अंगाचा, एक कान मोडलेला गुराखी कुत्रा. पुढचे दोन्ही पाय स्टिअरिंगवर टेकवून तो समोर असा गंभीरपणे बघतो, की चर्चमधल्या खऱ्या डीकनला, म्हणजे तिथल्या सेवेकऱ्यालाही, ते साधलेलं नाही.

असं सगळं बरं चाललेलं असताना गुडघा गेला.

डावा. डॉक्टर म्हणाला, पन्नास वर्षं क्लच दाबून दाबून झिजलाय. अर्डिस म्हणाली, क्लचने नाही, त्या तांबड्या घोडीने. एकाहत्तर साली तिने मला कुंपणावर फेकलं. डॉक्टरने ऑगस्टमध्ये गुडघा बदलला आणि सांगितलं, चाला, जिने चढा, पायऱ्या उतरा, जितकं कराल तितकं चांगलं. फक्त त्या जुन्या गाडीचा ताठ क्लच दाबू नका. वसंतापर्यंत तर नाहीच. पुढचं पुढे बघू.

डार्लाने हे शेजारच्या खुर्चीत बसून ऐकलं. परतीच्या वाटेवर ती बराच वेळ गप्प होती, आणि डार्ला गप्प बसली की अर्डिसला कळतं, की पोरीने काहीतरी ठरवलंय. घर आल्यावर ते बाहेर आलं. नव्वद गाई, एकटी बाई, एक पाय. एक तर आईने क्लच नसलेली नवी ऑटोमॅटिक गाडी घ्यावी, नाही तर जानेवारीच्या बाजारात गाई विकाव्यात आणि लिंकनला यावं. तिथे घराला एक खोली जास्त आहे आणि खिडकीतून झाड दिसतं.

"एक झाड?" अर्डिस म्हणाली.

"आई, चेष्टा नको."

शेवटी दोघींत ठरलं ते असं. डिसेंबरचा पहिला शनिवार. डार्ला येणार. अर्डिसने तिच्या डोळ्यांदेखत, डावा पाय न वापरता आणि कोणाची मदत न घेता, पहिल्या फाटकापासून शेवटच्या गठ्ठ्यापर्यंत चारा टाकून दाखवायचा. जमलं तर डार्ला गाईंचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर अर्डिस बाजाराचं नाव काढल्यावर तोंड वाकडं करणार नाही. दोघींनी स्वयंपाकघरात, ओट्यापाशी, एकमेकींचा हात हातात घेतला. अर्डिसने मनातल्या मनात हिशोब केला होता, की नवी ऑटोमॅटिक घ्यावी, गाडी म्हणजे गाडी. क्लच असो नसो, सावकाश चालण्याशी मतलब.

गावातल्या हॉटेलात रोज जमणाऱ्या कॉफीच्या टेबलाला हे मान्य नव्हतं. हिवाळ्याच्या सुरुवातीला, काम अंगावर पडण्याआधीच्या रिकाम्या दिवसांत, तिथे ऑटोमॅटिक आणि हाताच्या गिअरवरून जी जुंपते ती धर्मावरूनही जुंपत नाही. खिडकीकडचे म्हणत, जग कुठे गेलंय बघा, बोट लावलं की गिअर पडतो. भिंतीकडचे म्हणत, गाडीने आपल्याला विचारल्याशिवाय गिअर बदलायचा म्हणजे घोड्याने आपल्याला विचारल्याशिवाय घरी यायचं. भिंतीकडच्यांचा म्होरक्या डेल्मर ऊस्ट, अर्डिसचा पश्चिमेकडचा शेजारी. लग्न न केलेला, सडसडीत, चौसष्ट वर्षांचा. ऑटोमॅटिक गाडी घेणाऱ्या माणसाची हाडं वितळतात असं तो, इथल्या पद्धतीने मिरचीच्या रश्शात दालचिनीचा गोड पाव बुडवत शपथेवर सांगायचा.

आणि अर्डिसला गाडी बघायला तालुक्याच्या गावी नेऊन आणायचं कबूल केलं होतं याच डेल्मरने. सकाळी तो आला तो एका करड्या, चकचकीत, तिने कधीही न पाहिलेल्या पिकअपमधून. ती आत बसली. तिने गिअरचा दांडा शोधला. दांडा नव्हता. क्लच नव्हता.

डेल्मरचे कान लाल झाले. जुन्या गाडीचा पंप गेलाय, तो म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, ही दोन वर्षांपासून आहे. गोठ्यात असते, ताडपत्रीखाली. पाठ दुखते तेव्हा कुरणातल्या कुरणात फिरवतो.

"अर्डिस, टेबलावर बोलू नकोस."

"हाडं कशी आहेत तुझी? वितळली की शिल्लक आहेत काही?"

"बोलू नकोस म्हणालो ना."

चाळीस मैल ती हसत होती. समोरून येणाऱ्या गाडीला इथे स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख देतात. आज डेल्मर बोट न उचलता टोपी खाली ओढत होता. आणि दर चौकात, गाडी हळू करताना, त्याचा डावा बूट रिकाम्या जमिनीवर जोरात आपटत होता. जिथे क्लच असायला हवा होता, नेमका तिथे. तिथल्या चटईला भोक पडलं होतं.

"दोन वर्षांत सवय गेली नाही?" तिने विचारलं.

"पायाला कोण सांगणार," डेल्मर म्हणाला.

गाड्यांच्या दुकानातला विक्रेता वेंडेल नावाचा गलेलठ्ठ, मिशीवाला, अगत्याचा माणूस होता. त्याने तिला पांढऱ्या रंगाची एक ऑटोमॅटिक दाखवली. खरं सांगायचं तर अर्डिसला ती आवडली. सीट खालून गरम होत होती. बदललेल्या गुडघ्याला ती ऊब कळली आणि तिने डोळे मिटून घेतले. हे सुख लंबर्टला कळलं असतं तर तो गाडीतच राहायला गेला असता. दुकानामागच्या बर्फाच्या मैदानात तिने दोन फेऱ्या मारल्या. डावा पाय नुसता पाहुण्यासारखा बसून होता.

मग तिने गाडी सगळ्यात संथ चालीला लावली, पट्टा सोडला, दार उघडलं आणि चालत्या गाडीतून उतरली.

गाडी जागच्या जागी थांबली. आतून बारीक आवाजात पिकपिक करू लागली. वेंडेल हात पसरून बर्फातून धावत आला. अर्डिस बंपरपाशी उभी, एक हात मागच्या फळीवर. ही का थांबली, तिने विचारलं.

"बाई, तुम्ही दार उघडलंत. तिला वाटलं तुम्ही पडलात."

"मी कुठे पडले? मी कामाला निघाले."

"तिला ते कसं कळणार?"

वेंडेलने समजावलं, की माणूस उतरला की गाडीने थांबायचं, हे तिच्या आतच बसवलेलं आहे. सुरक्षिततेसाठी. अर्डिसने पुन्हा प्रयत्न केला. पट्टा पाठीमागून अडकवला, दार हलकेच उघडलं. पिकपिक. मग तिला मागची सरकती काच दिसली. दारच उघडायचं नाही, तिने विचार केला, आणि एकाहत्तर वर्षांची अर्डिस कुसेक चालत्या गाडीच्या मागच्या खिडकीतून डोकं, खांदे आणि दोन्ही हात बाहेर काढून कमरेपाशी अडकली. गाडी या वेळी थांबली नाही. ती मैदानभर हिंडत राहिली, मागून लोंबकळणाऱ्या म्हातारीला घेऊन, आणि वेंडेल शेजारून धावत ब्रेक दाबा, ब्रेक दाबा म्हणत राहिला. ब्रेक तिच्या पायांपासून चार फुटांवर होता. डेल्मर दुकानाच्या कट्ट्यावर बसला होता. उठला नाही, उठता येण्यासारखी त्याची स्थिती नव्हती, तो हसून हसून डोळे पुसत होता. शेवटी वेंडेलने धावता धावता दार उघडलं. गाडी थांबली. पिकपिक.

अर्डिसला ओढून काढल्यावर तिने कपडे झटकले आणि वेंडेलचे मनापासून आभार मानले. गाडी चांगली आहे, ती म्हणाली. फार काळजीवाहू आहे. माझ्या मुलीसारखी.

परत येताना ती हसली नाही. हिवाळा टेकड्यांच्या माथ्यांवर येऊन बसला होता. अकरा दिवस राहिले होते. खिडकीतून दिसणारं ते एक झाड तिच्या डोळ्यांपुढे आलं, नीट छाटलेलं, ओळखीचं होऊ न शकणारं. डेल्मर काहीतरी बोलत होता. कडेला कोणाच्या तरी गाई वाऱ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. चौक आला, गाडी हळू झाली आणि डेल्मरचा डावा बूट चटईच्या भोकावर दणकन आपटला.

अर्डिस त्या बुटाकडे बघत राहिली.

क्लच लागतो कशाला? थांबलेली गाडी हलवायला. आणि गिअर बदलायला. कुरणात गिअर बदलायचाच नसतो. राहिलं फक्त हलवणं. तिला बाप दिसला. ती नऊ वर्षांची, क्लचचा गज मोडलेला, बाहेर गुडघाभर बर्फ आणि गाई हंबरतायत. बापाने इंजिन बंद करून दांडा आजीत टाकला होता आणि तसाच, पेडलला पाय न लावता, किल्ली फिरवली होती. गाडीने एक गचका दिला, उचकी लागल्यासारखी थरथरली, आणि चालू लागली. किल्लीच्या जोरावर. थांबवायची तर किल्ली बंद. बाप मागे वळून म्हणाला होता, हिला पाय लागत नाही गं, पोरी, हिला धीर लागतो. बासष्ट वर्षं ती हे विसरली होती, कारण बासष्ट वर्षं डावा पाय शाबूत होता.

"डेल्मर, जरा वेगाने घे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जुन्या लाल-पांढऱ्या गाडीचं इंजिन आधी गरम करून घेतलं, बंद केलं, दांडा आजीत टाकला, आणि किल्ली फिरवण्याआधी एकदा डीकनकडे पाहिलं. डीकनने समोर पाहिलं. गचका बसला, कुत्र्याचं नाक काचेवर आपटलं, आणि गाडी अंगणातून चालायला लागली. अर्डिस इतकी खूश झाली, की किल्ली बंद करायची हेच विसरली. कपडे वाळत घालायच्या तारेचा एक खांब आडवा झाला तेव्हा आठवलं. गाडी लंबर्टच्या जुन्या सदऱ्यांसकट कुंपणाला टेकून थांबली. उरलेल्या दहा दिवसांत तिने सराव केला. डेल्मरने, आपलं गुपित तिने टेबलावर फोडू नये म्हणून, गाडीच्या मागच्या बाजूला एक लोखंडी पायरी जोडून दिली, उजवा पाय आधी ठेवता येईल अशी.

शनिवारी आभाळ स्वच्छ होतं. रात्रीचं बर्फ उन्हात चमकत होतं आणि थंडी अशी, की बोललेलं तोंडापाशीच गोठावं. डार्ला शहरातला लांब कोट घालून, हात खिशांत कोंबून उभी होती. नवी गाडी कुठेय, तिने विचारलं. अर्डिसने गंजीपाशी उभ्या जुन्या गाडीकडे बोट दाखवलं. गठ्ठ्यांची गंजी गाडीहून उंच. गठ्ठे उचलायचे नव्हते, वरून खाली ढकलायचे होते. चाळीस गठ्ठे गाडीत पडले, रचून झाले.

"आई, क्लचला पाय लावलास की संपलं हं. मी बघतेय."

"बघ की. वर बस गठ्ठ्यांवर, तिथून चांगलं दिसेल. पण हात लावायचा नाही कशाला."

डार्ला गठ्ठ्यांवर चढून बसली. अर्डिसने डावा पाय मुद्दाम उचलून सीटवर आडवा घेतला, काचेतून दिसेल असा, आणि किल्ली फिरवली. गचक्याने डार्ला उताणी पडली. ती उठून बसेपर्यंत गाडी कुरणाच्या वाटेला लागली होती.

पहिलं फाटक आलं. अर्डिस उतरली. दार उघडं, सीटवर कुत्रा, आणि गाडी आपली चालतेच आहे. आईने भरभर पुढे जाऊन फाटक उघडलं, बाजूला झाली, कुत्र्याने गाडी आत नेली, तिने फाटक लावलं आणि चार पावलांत गाडी गाठली. डार्ला वरून बघत होती. लहानपणी रोज पाहिलेलं हे, पण तेव्हा ती आत बसलेली असायची. बाहेरून ते कसं दिसतं हे तिला आज कळलं.

दुसऱ्या फाटकापाशी वाऱ्याने बर्फाचा ढीग लोटून ठेवला होता. गाडी त्यात शिरली, कण्हली आणि बंद पडली.

सगळं एकदम शांत झालं. लांब गाई होत्या, त्यांनी हॉर्नची वाट बघत माना वर केल्या होत्या. डार्ला जिंकत होती आणि तिला बरं वाटत नव्हतं. अर्डिस आत चढून बसली. इथे कोणीही क्लच दाबून गाडी मागे घेतली असती. तिने डावा पाय पुन्हा सीटवर आडवा घेतला, हाताने दाबून धरला, कारण तो आपण होऊन निघाला होता, आणि किल्ली फिरवली. गाडीने गचका दिला, एक वीतभर सरकली आणि मेली. पुन्हा किल्ली. पुन्हा वीतभर. किल्ली, वीत. किल्ली, वीत. सातव्या वेळी पुढचं चाक ढिगाच्या माथ्यावर चढलं, इंजिनाने श्वास धरला, आणि आजी पलीकडच्या बाजूने संथपणे उतरली.

मागून टाळी ऐकू आली. एकच. मग डार्लाने हात परत कोटात घातले.

कुरणात आल्यावर अर्डिसने हॉर्न वाजवला, स्टिअरिंग सुतळीने बांधलं, उतरली, पायरीवर उजवा पाय ठेवला आणि वर आली. चाकूने पहिल्या गठ्ठ्याची सुतळी कापली. जुलैच्या उन्हातल्या कापणीचा वास आला. गाई धावत आल्या, बर्फ उडवत, पोटं हेलकावत. एक गठ्ठा, दुसरा, तिसरा. डार्ला सरकत सरकत मागे होत गेली, बसायला गठ्ठे कमी होत गेले तशी. पंधराव्या गठ्ठ्याला तिने कोट काढला. विसाव्याला तिचा हात आपोआप सुतळीकडे गेला.

"हात लावू नकोस," अर्डिस धापा टाकत म्हणाली. "पैज आहे."

"आई, तू दमलीस."

"दमलेली माणसं चारा टाकतात. नाहीतर कोण टाकणार?"

डार्लाने हात पाठीमागे बांधले. चाळीसावा गठ्ठा सुटला तेव्हा अर्डिसचा चेहरा लाल झाला होता, टोपी वाकडी झाली होती, आणि ती हसत होती. गाडीमागे अर्ध्या मैलाचं कडं जवळपास पुरं झालं होतं.

डार्ला रिकाम्या फळीवर उभी राहिली. तिच्या केसांत गवत होतं. "नाही विकत," ती म्हणाली. "मी तोंड बंद ठेवणार. पण त्या गरम सीटच्या गाडीचं काय? डेल्मरने मला फोन करून सगळं सांगितलंय. खिडकीचंही."

"ती घ्यायचीच आहे," अर्डिस म्हणाली. "चर्चला जायला, तुझ्याकडे यायला. आत बसल्यावर काय सुख वाटतं म्हणून सांगू. आणि डेल्मरचं आता मी टेबलावर सांगणार."

गाडी चालतच होती. आता थांबव तिला, डार्ला म्हणाली.

"किल्ली पुढे आहे. जाऊन तूच बंद कर."

डार्लाने बर्फात उडी मारली. शहरातल्या बुटांनी ती गाडीशेजारून धडपडत धावली, दार उघडलं, आत चढली. डीकन जागचा हलला नाही. त्याला ओलांडून, अर्धी त्याच्यावर, अर्धी सीटच्या कडेवर अशी ती बसली. किल्लीकडे गेलेला तिचा हात तिथेच थांबला, मग वर सरकला आणि कुत्र्याच्या पंजाशेजारी स्टिअरिंगवर टेकला.

अर्डिसने मागच्या काचेतून दोन डोकी पाहिली. ती वाट बघत होती, पण इंजिन बंद झालं नाही. मग तिने फळीवर सांडलेलं गवत ओंजळीने गोळा केलं आणि मागे राहिलेल्या, लंगडणाऱ्या एका म्हाताऱ्या गाईपुढे टाकलं. गाडी दुसरं कडं काढायला निघाली होती.